आकाशगंगेचं केंद्र क्ष-किरणांत कसं दिसतं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आम्ही काही जण पेठ, हरसूलच्या बाजूला सतरंज्या टाकून रात्रभर आकाश बघतो. शाळेची मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात, कधी आजी-आजोबाही येतात. वृश्चिकाचा आकडा वर आला आणि त्याच्या शेजारच्या धूसर पट्ट्याकडे बोट दाखवून "तिथे आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे" असं म्हटलं, की प्रश्न सुरू होतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह इथे लिहून ठेवतोय. अंधारात घाईघाईने दिलेल्या उत्तरांपेक्षा ही उत्तरं नीट आहेत.

तिथे नेमकं आहे तरी काय?

एक कृष्णविवर, म्हणजे ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशी वस्तू. त्याचं नाव सॅजिटेरियस ए स्टार. वस्तुमान सूर्याच्या साधारण 40 लाख पट आणि अंतर सुमारे 26,000 प्रकाशवर्षं. 1974 साली ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राऊन यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथून रेडिओ लहरींत ते पहिल्यांदा टिपलं. पुढे राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी त्याच्याभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं मोजले. त्यातला एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत एक फेरी मारतो. ताऱ्याचा वेग आणि कक्षा कळली की मधल्या वस्तूचं वजन काढता येतं. या कामासाठी दोघांना 2020 चं नोबेल मिळालं.

त्याच्या आसपास मोठे तारे, स्फोट झालेल्या ताऱ्यांचे अवशेष, तापलेला वायू आणि धुळीचे प्रचंड ढग यांची दाटी आहे. कृष्णविवर एकटं बसलेलं नाही, भर वस्तीत आहे.

मग ते साध्या दुर्बिणीतून का दिसत नाही?

धुळीमुळे. आपण आकाशगंगेच्या चकतीतच राहतो, त्यामुळे केंद्राकडे बघताना सगळी धूळ आडवी येते. ही धूळ इतकी दाट आहे की तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. दुर्बीण कितीही मोठी घेतली तरी हा पडदा हटत नाही.

रेडिओ लहरी आणि अवरक्त प्रकाश या धुळीतून निसटतात. जास्त ऊर्जेचे क्ष-किरणही निसटतात. कमी ऊर्जेचे क्ष-किरण मात्र वाटेतच गिळले जातात. म्हणून केंद्राचा अभ्यास करताना साधारण दोन किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) वरचेच किरण कामाला येतात.

दवाखान्यात एक्स-रे काढतात, तेच हे का?

जात तीच, पण व्यवस्था उलटी. दवाखान्यात यंत्र किरण सोडतं, ते हातातून आरपार जातात, हाडं अडवतात आणि मागे सावली उमटते. आकाशात आपण कुठलाही किरण सोडत नाही. वस्तूच स्वतः क्ष-किरण फेकते आणि आपण ते फक्त गोळा करतो. त्यामुळे "आकाशगंगेचा एक्स-रे काढला" असं म्हणताना हाडांची सावली डोळ्यांसमोर आणू नका. अंधारात पेटलेल्या निखाऱ्यांचा फोटो आणा.

गच्चीवर क्ष-किरण दुर्बीण बसवता येईल का?

नाही. कळसूबाईच्या माथ्यावर नेली तरी नाही. पृथ्वीचं वातावरण आकाशातले क्ष-किरण पूर्ण शोषून घेतं. ते तसं शोषतं म्हणूनच आपण इथे जगतोय, तेव्हा तक्रार नाही. पण निरीक्षण करायचं तर वर जावंच लागतं.

म्हणूनच हे शास्त्र इतकं तरुण आहे. जून 1962 मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या रॉकेटवर उपकरण पाठवलं. ते काही मिनिटंच वातावरणाबाहेर होतं. तेवढ्यात वृश्चिक राशीतला एक झगझगीत क्ष-किरण स्रोत सापडला. सूर्यमालेबाहेरचा हा पहिलाच. डिसेंबर 1970 मध्ये उहुरू हा पहिला क्ष-किरण उपग्रह केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून उडाला आणि त्याने आकाशाचा क्ष-किरण नकाशा काढायला घेतला. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. 1978 च्या आइनस्टाइन वेधशाळेने केंद्राच्या भागाची खऱ्या अर्थाने पहिली चित्रं दिली. पण केंद्रातल्या दाटीतून कृष्णविवर वेगळं ओळखायला 1999 उजाडावं लागलं.

1999 साली काय झालं?

‘चंद्रा’ नावाची क्ष-किरण वेधशाळा अवकाशात गेली. 23 जुलै 1999 रोजी कोलंबिया यानातून ही वेधशाळा सोडली. त्या मोहिमेची कमांडर होती आयलीन कॉलिन्स. वेधशाळेला नाव दिलं आहे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. लाहोरला जन्म, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिक्षण, आणि ताऱ्यांच्या अंताबद्दलच्या कामासाठी 1983 चं नोबेल. हे सांगितलं की मुलांच्या रांगेतून हमखास "आपले?" असा आवाज येतो. हो, आपले.

त्याच वर्षी डिसेंबरात युरोपची एक्सएमएम-न्यूटन गेली. दोघींचा स्वभाव वेगळा. एक्सएमएम जास्त किरण गोळा करते, चंद्रा जास्त बारीक बघते. केंद्रासाठी बारीक नजरच महत्त्वाची, कारण तिथे स्रोत अगदी खेटून आहेत. चंद्राला सुमारे अर्ध्या विकलेइतका तपशील दिसतो, म्हणजे एका अंशाचा सात हजारावा भाग.

क्ष-किरण आरपार जातात, तर आरसा त्यांना वळवतो कसा?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी नववीतली मुलगी विचारते आणि मला मनापासून आवडतो. सरळ समोर धरलेल्या आरशात क्ष-किरण घुसतात, परत येत नाहीत. गंगापूर धरणाच्या काठावरून दगड सरळ पाण्यात टाका, बुडेल. चपटा दगड खाली वाकून अगदी तिरका भिरकावा, टप्पे घेत जाईल. क्ष-किरणांचंही असंच. आरशाला जेमतेम घासून गेले तरच ते वळतात.

त्यामुळे चंद्राचे आरसे थाळीसारखे नाहीत. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या, किंचित निमुळत्या पिंपांसारखे आहेत आणि एकात एक बसवले आहेत. अशा चार जोड्या. सगळ्यात बाहेरच्या पिंपाचा व्यास सुमारे 1.2 मीटर. आतल्या बाजूला इरिडियम धातूचा मुलामा आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की उंचसखलपणा काही अणूंएवढाच. किरण पिंपाच्या आतल्या भिंतीला घासत जातात आणि दहा मीटर मागे एका बिंदूत जमतात.

ही वेधशाळा लांबट कक्षेत फिरते. एका फेरीला 64 तास लागतात आणि दूरच्या टोकाला ती पृथ्वीपासून आकाशातल्या चंद्राच्या अंतराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लांब जाते. त्यामुळे एकाच जागी तासन्‌तास टक लावून बसता येतं. केंद्रासाठी हेच हवं होतं.

कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही म्हणता. मग क्ष-किरण कुठून आले?

आतून नाही, उंबऱ्याबाहेरून. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू घसरताना प्रचंड तापतो. कोट्यवधी अंशांना पोचलेला वायू क्ष-किरण फेकतो. एकदा सीमेच्या आत गेला की संपलं, पण त्याआधीची हाक आपल्याला ऐकू येते. या कृष्णविवराची सीमा मध्यापासून साधारण सव्वा कोटी किलोमीटरवर आहे. बुधाच्या कक्षेतही ते आरामात मावेल.

मग ते खूप प्रखर असेल ना?

उलट आहे. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते, आणि चित्रं बघून लोकांचा इथेच गैरसमज होतो. आपलं कृष्णविवर कमालीचं मंद आहे. शांत असताना ते क्ष-किरणांत जेवढी ऊर्जा फेकतं, ती आपला सूर्य सगळ्या प्रकारांत मिळून फेकतो त्यापेक्षाही कमी भरते. वजन 40 लाख सूर्यांचं आणि क्ष-किरणांतला उजेड एका सूर्याचाही नाही! दूरच्या काही दीर्घिकांमधली (आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या तारकासमूहांमधली) अशीच कृष्णविवरं अख्ख्या दीर्घिकेला झाकोळून टाकतात.

चंद्राला त्याचे किरण मोजावे लागतात ते एकेक करून. शांत काळात काही मिनिटांत एखाद-दुसराच कण येतो. मग वाट बघायची. 2012 मध्ये चंद्राने या एकाच जागेवर एकूण 30 लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ 35 दिवस, नजर रोखली. आकाशात एका ठिकाणी इतका वेळ देणं सोपं नसतं. साऱ्या जगातले शास्त्रज्ञ त्या वेळेसाठी अर्ज करून बसलेले असतात.

त्या 35 दिवसांतून कळलं की हे उपाशी का आहे. आसपासच्या महाकाय ताऱ्यांच्या अंगावरून सतत वारे सुटतात. त्यातला काही वायू कृष्णविवराच्या ओढीत सापडतो. पण तो इतका तापलेला आणि फिरता असतो की बहुतेक सगळा परत बाहेर फेकला जातो. शेवटी सीमेपर्यंत पोचतो तो एक टक्क्यापेक्षाही कमी.

ते कधीच भडकत नाही का?

भडकतं. साधारण दिवसाला एकदा लहानमोठा भडका होतो. त्या 35 दिवसांत 39 भडके नोंदले गेले.

पहिला मोठा भडका चंद्राने ऑक्टोबर 2000 मध्ये पाहिला. तेज सुमारे 45 पट झालं, जवळपास तीन तास टिकलं, आणि मध्येच अवघ्या दहा मिनिटांत एकदम उतरलं. या दहा मिनिटांत फार मोठी माहिती दडलेली आहे. ती समजून घ्यायला आपल्या नाशिक ढोलाची मदत घेऊ.

समजा ढोल पथक एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत, 340 मीटरवर पसरलंय. पथकप्रमुखाने हात वर केला आणि सगळ्यांनी एकाच क्षणी टिपरू थांबवलं. तुम्ही एका टोकाला उभे आहात. जवळचे ढोल लगेच बंद पडल्याचं कळेल, पण लांबच्या टोकाचा शेवटचा ठोका तुमच्या कानावर एका सेकंदाने येईल, कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरच जातो. पथक जितकं लांब, तितकी थांबण्याची कड पुसट. आवाज कापल्यासारखा थांबला तर डोळे मिटूनही सांगता येतं की पथक एका कोपऱ्यात घोळक्याने उभं होतं.

आता आवाजाऐवजी प्रकाश घ्या. दहा मिनिटांत प्रकाश सुमारे 18 कोटी किलोमीटर जातो. तेज दहा मिनिटांत उतरलं, म्हणजे ते देणारी जागा त्याहून फारशी मोठी असू शकत नाही. पृथ्वी-सूर्य अंतर 15 कोटी किलोमीटर. 26,000 प्रकाशवर्षांवरच्या एका ठिपक्याचं माप अशा रीतीने घड्याळावरून कळलं. भडका कृष्णविवराच्या अगदी अंगणात झाला होता, हे त्यावरून पटलं.

सप्टेंबर 2013 मध्ये तेज नेहमीच्या 400 पटींवर गेलं, आणि ऑक्टोबर 2014 मध्ये 200 पट. कारणांबद्दल दोन विचार पुढे आले. एक, एखादा लघुग्रह जवळ जाऊन फाटला आणि त्याचा चुरा तापला. दोन, वायूतल्या चुंबकीय रेषा पिळल्या जाऊन तुटल्या-जुळल्या, जसं सूर्यावर होतं तसं. मला दुसरा विचार जास्त पटतो, कारण रोजच्या लहान भडक्यांनाही तो लागू पडतो.

पूर्वी ते जास्त प्रखर होतं असं म्हणतात. कुणी पाहिलं?

कुणीच नाही. पण प्रतिध्वनी मागे राहिला.

अंजनेरीच्या पायथ्याशी उभं राहून हाक मारली की ती कड्यावर आपटून थोड्या वेळाने परत येते. हाक मारणारा गप्प झालेला असतो, हाक अजून फिरत असते. केंद्राच्या आसपास वायूचे मोठमोठे ढग आहेत, त्यातला एक सॅजिटेरियस बी-2. हे ढग स्वतः गार आहेत, त्यांनी क्ष-किरण फेकायचं कारण नाही. तरी ते क्ष-किरणांत चमकतात, आणि तेही लोखंडाच्या अणूंकडून येणाऱ्या 6.4 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ठरावीक ऊर्जेवर. बाहेरून जोरदार क्ष-किरण आदळले की गार लोखंड असंच उजळतं. रशीद सुन्यायेव आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये म्हटलं, हा कृष्णविवराच्या जुन्या भडक्याचा उजेड असावा. नंतर जपानच्या आस्का उपग्रहाने ती लोखंडाची खूण स्पष्ट दाखवली. पुढच्या वर्षांत ढगांमधला उजेड एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतानाही दिसला.

पण उजेड नेमका कृष्णविवराकडूनच आला हे कशावरून? त्यासाठी ध्रुवीकरण मोजावं लागतं. ढगावर आपटून वळलेल्या किरणांचं कंपन एका ठरावीक दिशेत होतं आणि त्यावरून मूळ दिवा कुठल्या बाजूला होता ते कळतं. डिसेंबर 2021 मध्ये गेलेल्या आयएक्सपीई या उपग्रहाने हे मोजलं. 2023 मध्ये निकाल आला. दिशा सॅजिटेरियस ए स्टारकडे जात होती आणि भडका सुमारे 200 वर्षांपूर्वीचा निघाला. तेव्हा ते आजच्या दहा लाख पट तेजस्वी झालं असावं.

200 वर्षांपूर्वी म्हणजे पेशवाई नुकतीच संपली होती, नाशिकवर इंग्रजांचा अंमल आला होता. गोदाघाटावर संध्याकाळी दिवे लागत होते आणि तो भडका डोक्यावरून निघून गेला. वातावरणाने अडवला, कुणाला पत्ता लागला नाही. (खुद्द घटना त्याच्याही 26,000 वर्षं आधीची. मी सांगतोय ते त्याचा उजेड पृथ्वीपाशी येण्याचं साल.) सरळ आलेला उजेड हुकला. ढगांकडून वळसा घालून आलेला आज आपल्या हाती लागतोय.

चित्रातले लाल-निळे रंग खरे असतात का?

डोळ्यांना क्ष-किरण दिसतच नाहीत, त्यामुळे डोळ्यांच्या अर्थाने खरे नाहीत. पण मनाने भरलेलेही नाहीत. येणाऱ्या प्रत्येक कणाची ऊर्जा मोजलेली असते. कमी ऊर्जेला लाल, मधलीला हिरवा, जास्तीला निळा. चित्रातला एखादा निळा ठिपका खरोखरच जास्त ऊर्जेचा असतो.

त्या चित्रात इतके ठिपके कसले?

केंद्राच्या दोन अंश रुंद पट्ट्यात चंद्राने नऊ हजारांहून जास्त स्रोत मोजले आहेत. बरेचसे श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे आहेत, जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेणारे. काही न्यूट्रॉन तारे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे, काही लहान कृष्णविवरं. एप्रिल 2013 मध्ये तर मुख्य कृष्णविवराच्या अगदी शेजारी एक मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय ताकदीचा न्यूट्रॉन तारा, अचानक पेटला. 3.76 सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी. सुरुवातीला वाटलं कृष्णविवरच भडकलं, मग ठोके मोजल्यावर उलगडा झाला.

2022 चं ते नारिंगी कड्याचं चित्र क्ष-किरणांतलं आहे का?

नाही. मे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेलं आपल्या कृष्णविवराचं ते चित्र रेडिओ लहरींचं आहे, एप्रिल 2017 च्या निरीक्षणांचं. चंद्रा, न्यूस्टार आणि स्विफ्ट या क्ष-किरण दुर्बिणी मात्र त्याच दिवसांत तिकडे बघत होत्या.

त्याचा आपल्याला धोका आहे का?

नाही. सूर्य त्याच्याभोवती इतक्या लांबून फिरतो की त्याच्या ओढीत सापडण्याचा प्रश्न येत नाही. 200 वर्षांपूर्वीचा भडकाही कुणाला जाणवला नाही.

मूळ नक्षत्राशी याचा संबंध आहे का?

हा प्रश्न एका आजींनी विचारला होता. नातवाचा जन्म मूळ नक्षत्रावरचा, त्र्यंबकेश्वरला शांत करून घेतलेली, आणि मी बोट दाखवलं ते नेमकं मुळाच्या शेजारी. आवाजात काळजी होती.

दिशा जवळची आहे, हे खरं. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीचे तारे, आणि केंद्र तिथून थोडंसं धनूकडे. पण शेपटीचे तारे काही शे प्रकाशवर्षांवर आहेत आणि केंद्र 26,000 वर. एका रेषेत दिसतात, एवढंच. शिवाय तिकडचा एकही क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाळावर त्याचा काही परिणाम होऊ शकत नाही. आजींना मी हेच सांगितलं. मग त्यांनी दुर्बिणीतून तो सगळा पट्टा निवांत बघितला आणि नातवालाही उचलून दाखवला.

भारताचा यात सहभाग आहे का?

28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट गेला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली आणि प्रकल्पात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही मोठा वाटा आहे. 1 जानेवारी 2024 ला ध्रुवीकरण मोजणारा एक्सपोसॅट गेला. केंद्रातल्या दाटीतून कृष्णविवर वेगळं काढणं हे या दोघांचं काम नाही, त्यांची ताकद झगझगीत स्रोतांवर आहे.

कॉलेजच्या मुलांना एक सांगतो. चंद्राची जुनी निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली आहेत आणि ती उघडायची संगणक प्रणालीही फुकट मिळते. नाशिकमध्ये बसून ऑक्टोबर 2000 च्या भडक्याचा आलेख स्वतः काढता येतो. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

थंडीत आकाश इतकं स्वच्छ असतं, तेव्हा केंद्र का दाखवत नाही?

कारण तेव्हा सूर्य त्याच दिशेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो केंद्राच्या अगदी जवळून जातो. धनुर्मास म्हणतो तो हाच काळ. केंद्र दिवसा उगवतं, दिवसा मावळतं. चंद्रालासुद्धा सूर्याच्या फार जवळ बघता येत नाही, त्यामुळे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी तिलाही इथे सुट्टी असते.

मग शाळेची सहल कधी काढावी?

एप्रिल-मे, अमावस्येच्या आसपास. जून ते सप्टेंबर केंद्र रात्री छान वर असतं, पण आपल्याकडे पावसाळा. ऑक्टोबरात अंधार पडताच नैर्ऋत्येला थोडा वेळ मिळतो.

गंगापूर रोडवरून किंवा सिडकोतून आता आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, दिव्यांनी खाऊन टाकलाय. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे जा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटं अंधारात बसा, म्हणजे डोळे तयार होतील. मे महिन्याच्या मध्यावर केंद्र रात्री साडेनऊ-दहाला आग्नेयेला उगवतं. वृश्चिकाच्या आकड्याच्या डावीकडे धनूतले तारे चहाच्या किटलीसारखे दिसतात. किटलीच्या तोटीच्या टोकापासून किंचित उजवीकडे, आकड्याच्या बाजूला, केंद्र आहे. लंडनमध्ये ते क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतं. नाशिकमध्ये 41 अंश, हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या चार मुठींइतकं. ते बरोबर दक्षिणेला, सगळ्यात उंच येतं पहाटे पावणेतीनच्या सुमाराला. तेव्हा सतरंजीवर झोपलेल्या मुलांना हलवून उठवा.